शून्याचं पाणी

वान धरणाचं पाणी आमच्या गल्लीत चार दिवसांआड येतं, तेही बहुतेक रात्री. आधी नळातून नुसती हवा निघते, म्हातारं माणूस खाकरावं तसा आवाज होतो, मग गढूळ पाण्याची एक गुळणी पडते आणि त्यानंतर धार लागते. त्या खाकरण्यानं मला गाढ झोपेतूनही जाग येते. उठून पहिल्या दोन बादल्या न्हाणीसाठी बाजूला काढते, टाकं भरायला लावते आणि भिंतीवरचा पंप सुरू करते. चार नळकांड्यांतून फिरून शेवटच्या बारीक नळीतून जे पाणी बाहेर पडतं ते तासाला सात-आठ लिटर. घरातलं कुणीच ते पीत नाही. पुढच्या खोलीत एक समुद्र आहे, त्याच्यासाठी ते.

समुद्र म्हणजे तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी. दगड-वाळू वजा केली तर आत पाणी एकशे साठ लिटरच्या आसपास. क्लाउनफिशची जोडी, चार गोगलगायी, आणि दगडांवर मऊ प्रवाळ. शर्टाच्या बटणांएवढे झोअँथिड, थोडे मश्रूम कोरल, आणि एक लेदर कोरल, जो सकाळी दिवा लागला की अर्ध्या तासानं हळूहळू बोटं बाहेर काढतो. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला, आणि त्यांची जागा तीच आहे.

हे वेड मालवणचं. बी.एड.च्या सहलीत तोंडाला नळी लावून पहिल्यांदा डोकं समुद्रात घातलं, तेव्हा जे दिसलं त्यापेक्षा जे ऐकू आलं त्यानं मी चकित झाले. तापल्या तव्यावर तीळ तडतडावेत तसा आवाज चहूबाजूंनी येत होता. नावाडी म्हणाला, ही बारकी कोळंबी आहे, नांगी मिटते त्याचा आवाज. पुढं लग्न होऊन तेल्हारा तालुक्यातल्या या गावात आले. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. शाळेत विज्ञान शिकवते. तो तडतडाट काही डोक्यातून गेला नाही. बारा वर्षांनी, कर्जाचे हप्ते संपल्यावर, टाकी घेतली.

टाकी आणणं सोपं होतं. पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न दोन वर्षं पुरला.

गावात सगळ्यांचं म्हणणं एकच. "मॅडम, आपल्या इहिरीचं पाणी खारंच हाय. तेच टाका ना!" म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. जमीन काळी, कसदार, हरभरा असा पिकतो की पाहत राहावं. पण विहिरीचं पाणी पिकाला दिलं की तीच माती पहिले चिखल होते आणि वाळली की विटेसारखी घट्ट बसते. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. जुनी माणसं सांगतात, इथं समुद्र होता. अकोली जहागीरच्या कोरड्या विहिरीला गजानन महाराजांनी पाणी आणल्याची कथा इथं पोरासोरांना पाठ आहे, आणि ती ऐकताना बायकांचे डोळे का भरून येतात ते या पट्ट्यात राहिल्याशिवाय कळत नाही.

पण आमच्या विहिरीचा खारेपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, आणि कुठल्याही महासागरातलं पाणी घेतलं तरी सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच राहतं. प्रवाळ त्या प्रमाणात जन्मतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या माझ्या पेनासारख्या टीडीएस मीटरवर आमची विहीर 2,150 दाखवते, म्हणजे लिटरला दोन-सव्वादोन ग्रॅम. त्यात सोडियमबरोबर बायकार्बोनेट आणि सल्फेट आहे, आणि शेतातल्या युरियातून झिरपलेलं नायट्रेटही. समुद्र करायचा तर आधी पाटी पूर्ण कोरी करावी लागते. शून्य टीडीएसचं पाणी घ्यायचं आणि मग त्यात समुद्री मीठ विरघळवायचं, वीस लिटरला पाऊण किलोच्या आसपास.

म्हणून शून्याचा शोध सुरू झाला. चौकातल्या प्लान्टवरचे निळे जार आणले. आठवड्याला टीडीएस बदलायचा, कधी 40, कधी 110. चवीसाठी शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, पिणाऱ्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. माझ्या टाकीत मात्र महिन्याभरात वाळूवर, काचेवर, दगडांवर मातकट तपकिरी साय धरली. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. ते डायटम नावाचं शेवाळ, आणि त्याला घर बांधायला सिलिका लागते. सगळं पठार बेसॉल्टचं, तो दगड झिजतो तशी सिलिका पाण्यात उतरते. वाईट हे की मीटर तिला पाहत नाही. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, आणि पाण्यात विरघळलेल्या सिलिकेवर जवळपास विद्युतभारच नसतो.

मग इन्व्हर्टरच्या दुकानातलं बॅटरीचं पाणी. एका कॅनमध्ये 2, दुसऱ्यात 31, आणि कॅन आधी कशाचा होता ते दुकानदारालाही सांगता येईना. पावसाचं पाणी सगळ्यात स्वच्छ निघालं. आषाढात अंगणात मधोमध प्लास्टिकचा टब ठेवला, पहिला अर्धा तास पाऊस वाया जाऊ दिला, आणि नंतरच्या पाण्यात मीटर बुडवला तर 7. त्या दिवशी मी आनंदानं शेजारी सांगत सुटले होते. पण छपराचं पाणी घेता येत नाही, जस्ताचे पत्रे आहेत आणि जस्त गोगलगायींना सोसत नाही. जुलै-ऑगस्टात वाऱ्यावर कपाशीच्या फवारणीचा वास असतो. पाऊस आठ महिने नसतो, हे तर आहेच.

शेवटी स्वतःचं यंत्र बसवलं. गाळ अडवणारी कांडी, कोळशाची कांडी, आरओचा पडदा, आणि शेवटी रेझिन, जे पडद्यातून निसटलेले उरलेसुरले क्षार ओढून घेतं. आधी हौसेनं विहिरीचं पाणी लावलं. पडद्यानंतरही 90 यायचं, आणि रेझिन पंधरा दिवसांत संपलं. मग वानचं पाणी लावलं. हनुमान सागर धरणातून, सातपुड्याच्या कुशीतून पाइपानं येणारं ते पाणी 240. पडद्यानंतर 7, रेझिननंतर शून्य. तेच रेझिन आता पाच-सहा महिने चालतं.

पण एक लिटर शून्याच्या मागे चार लिटर वेस्ट पाणी बाहेर पडतं. पहिल्या रात्री मी ती नळी मोरीत सोडली होती. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, अंधारात उभ्या राहून ती धार पाहत राहिल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "हे वाया चाललं काय माय?" मी मीटर आणून त्या धारेखाली धरला. 300. म्हणजे मी फेकत असलेलं पाणी आमच्या विहिरीच्या सातव्या हिश्श्याएवढंच खारं होतं. देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात 500 पर्यंत उत्तम, दुसरा उपायच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. या बाईनं लग्न होऊन आल्यापासून पाइपलाइन येईपर्यंत, पस्तीस वर्षं, मानकात न बसणारं पाणी डोक्यावरून वाहिलं आणि पोरांना पाजलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशीपासून ती नळी झाकणाच्या टाक्यात सोडली आहे. त्यावर आमची डाळ शिजते, भांडी होतात, उरलेलं गायीला. कोळशातून गेल्यामुळे त्यात क्लोरीन राहत नाही, म्हणून ते एका दिवसात संपवायचं, हा नियम सासूबाईंनीच घालून घेतला.

आता तांब्याच्या गुंडाची, म्हणजे पाणी भरायच्या भांड्याची, गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जाते.

टाकीतून रोज पाणी उडतं. मीठ उडत नाही, मागे राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोज शून्याच्या पाण्यानं करायची असते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना मी टाकीवर पंखा सोडते. हवा कोरडी असल्यामुळे माठासारखं होतं, पाणी उडतं आणि टाकी गार राहते. इथल्या उन्हाळ्याचा तेवढा एक उपकार. पण त्याची किंमत रोज पाच-सहा लिटर, आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी सात-सात दिवसांवर जातं. त्या वर्षी मे महिन्यात मला आठ दिवसांचं प्रशिक्षण आलं, मुक्कामी. भर टाकायचं काम सासूबाईंकडे दिलं. टाकीवर रेघ मारून दिली, कॅन दाखवले, सगळं नीट.

आठव्या दिवशी घरी आले तर टाकी गप्प होती. मासे फिरत होते, पण झोअँथिड सगळे मिटलेले, बंद मुठींसारखे. चारपैकी तीन गोगलगायी वाळूवर उताण्या पडलेल्या. आणि ती लाल-पांढरी कोळंबी, जी माझं बोट पाण्यात गेलं की येऊन नखाभोवतीची कातडी टोकायची, ती दगडामागे आडवी, पारदर्शकपणा जाऊन दुधाळ झालेली. मी मीठ मोजलं, बरोबर. तापमान 27, बरोबर. कॅनमधलं पाणी, शून्य. काहीच कळेना.

सासूबाई दारात उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "म्या तर लय जपलं वं. पिलास्टिकमधी पाणी उन्हानं तापते, वास मारते. म्हणून रोज रातच्याले तांब्याच्या गुंडात भरून ठेवत व्हती. सकायी तेच टाकलं. तांब्यातलं पाणी शुद्ध असते ना?"

त्यांच्या आईनं आंदणात दिलेला तो गुंड. चिंचेनं घासून लख्ख केलेला.

मला त्यांचा राग आला नाही, आणि ते मला आवर्जून लिहायचं आहे. त्या म्हणत होत्या ते माणसांपुरतं खरंच आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यात कितीतरी जंतू मरतात, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. जंतूंना मारणारं ते तांबंच कोळंबीला आणि गोगलगायीला मारतं, तेही इतक्या कमी प्रमाणात की लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा-विसावा भाग पुरे होतो. मीटरच्या शून्याला तेवढ्यानं धक्का लागत नाही. शिवाय शून्याचं पाणी भुकेलं असतं. त्यात काहीच विरघळलेलं नसल्यामुळे जे मिळेल ते ते ओढून घेतं. साध्या पाण्यापेक्षा त्यानं त्या गुंडाला जास्तच चाटलं असणार. माशांना काही झालं नाही, कारण माशांना तेवढं सोसतं. समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडतात त्या रोगावर तर तांबंच देतात.

पुढचे दोन महिने पाणी बदलण्यात गेले. दर तीन दिवसांनी वीस लिटर, कोळसा, तांबं शोषणारं रेझिन, किटमधल्या थेंबांचा रंग पाहणं. दगडात मुरलेलं तांबं हळूहळू परत सुटत राहतं. सासूबाई रोज सकाळी टाकीपाशी येऊन बसायच्या, बोलायच्या नाहीत. श्रावणात एका सोमवारी त्यांनीच हाक मारली. "ये वं, एक फूल उघडलं." हिरव्या कडेचा एकच झोअँथिड. आम्ही दोघी शाळेची वेळ होईपर्यंत तिथंच बसलो.

त्याच पावसाळ्यात पलीकडच्या घरातल्या काकाजींना डायलिसिसवर घ्यावं लागलं. आठवड्यातून दोनदा अकोला. मुलगा पुण्याला, म्हणून सुट्टीच्या दिवशी काकूंसोबत मी जायची. काकाजींची किडनी कशानं गेली, यावर गावाचं उत्तर तयार असतं, खाऱ्या पाण्यानं खाल्ली. आमच्या गल्लीत असं घर ते एकटंच नाही. डॉक्टर बीपीचं, दुखण्याच्या गोळ्यांचं, उन्हातल्या कामाचं, फवारणीचं असं सगळंच विचारतात आणि कागदावर लिहून घेतात.

चार तास बसून करायचं काय. तिथल्या तंत्रज्ञाशी बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला आणि त्यानं मला मागची खोली दाखवली. दार उघडलं आणि मी उभीच राहिले. भिंतीला तीच मांडणी होती. गाळाची कांडी, कोळसा, पडदे, सगळं माझ्या घरच्यासारखं, फक्त माणसाच्या उंचीचं. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव जातो, चार तासांत 120 लिटर. तो बनतो या पाण्यापासून. तुमच्या-माझ्या पोटात पाणी गेलं तर आतडं आहे, यकृत आहे, किडनी आहे, नको ते गाळायला. काकाजींच्या रक्ताच्या आणि या पाण्याच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा. म्हणून पिण्याला चालणारं इथं चालत नाही. क्लोरीन राहिलं तर रक्तपेशी फुटतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम राहिल्यानं 1970 च्या दशकात परदेशांत डायलिसिसच्या रुग्णांचे मेंदू बिघडले होते. आणि मग तो म्हणाला, "मॅडम, या सगळ्या लाइनमध्ये तांबं कुठंही नाही. चालतच नाही." तांब्याच्या नळ्यांतून आलेल्या पाण्यानं रुग्णांच्या रक्तपेशी फुटल्याच्या नोंदी आहेत.

मला ती दुधाळ कोळंबी आठवली. तिच्याही आणि पाण्याच्या मध्ये कल्ल्याची एक पातळ कातडी. परत येताना बसमध्ये काकाजी खिडकीला डोकं टेकून झोपले होते, आणि मी त्यांच्या हाताकडे पाहत होते, जिथं सुया टोचायची शीर दोरीसारखी वर आली होती.

काही दिवसांनी काकू रिकामी बाटली घेऊन आल्या. "तुह्या घरी शून्याचं पाणी असते म्हणे. दवाखान्यातल्यासारखं. यायच्यासाठी देतं काय थोडं?" नाही म्हणणं फार कठीण गेलं. त्यांना बसवून समजावलं की ते पाणी औषध नाही, त्यात शरीराला लागणारंही काही नाही, आणि काकाजींना आता दिवसाला मोजूनच पाणी आहे, कोणतं यापेक्षा किती हे महत्त्वाचं. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हेच तीस वर्षांआंधी कोनी सांगाले पाह्यजे व्हतं."

मी त्यांना टाक्यातलं 300 चं पाणी भरून दिलं, त्यांच्या स्वतःच्या चहापुरतं. तेव्हापासून वान यायच्या दिवशी त्यांची कळशी आमच्याकडे असते. आता आणखी तीन घरांच्या येतात. एका लिटर समुद्रामागे चार घरांना लिटर-लिटर, असा हिशेब सासूबाईंनी बसवला आहे. शाळेतली पोरं बाटल्यांत आपापल्या विहिरीचं, हापशीचं पाणी आणतात, मीटर एकेकाच्या हातात देते, आकडे ती फळ्यावरच्या गावाच्या नकाशात भरतात. नदीकडची बाजू भरताना वर्गात आवाज नसतो. तिकडच्या पोरांना आपला आकडा मोठा येणार हे आता ठाऊक आहे.

तांब्याचा गुंड देवघराजवळ आहे. सासूबाईंनी मध्यंतरी तो माळ्यावर टाकला होता, मी उतरवून घासला. माणसांचं पाणी त्यात भरतो.

आज वान सहाव्या दिवशी आलं, रात्री पावणेदोनला. मी उठेपर्यंत सासूबाईंनी टाक्याचं झाकण काढून नळी सोडली होती आणि चष्मा लावून मीटर दिव्याखाली धरला होता. "तुह्यं शून्य. आपलं तीनशे दोन," त्या म्हणाल्या, आणि डाळ भिजवायला पातेलं पुढं केलं. रेझिनचा रंग वरून दोन बोटं उतरला आहे, या महिन्यात बदलावं लागेल. वीज असेपर्यंत दोन कॅन भरायला हवेत.